तीन हिरवे

१

विमान धावपट्टीच्या मधोमध पोट टेकून बसलं होतं. पंख्याची दोन्ही पाती मागे वळली होती, पोटाखालचा पत्रा सोलून निघाला होता आणि जी तीन चाकं त्या वेळी बाहेर असायला हवी होती, ती पोटात पाय मुडपून गपगार पडली होती. आत बसलेल्या दोघांपैकी एकाचं कोपर खरचटलं, दुसऱ्याला तेवढंही झालं नाही. माणसं वाचली की दोष कुणाचा याची चर्चा लगेच सुरू होते. इथे ती पाऊण तासात संपलीसुद्धा. दोष मेस्त्रीचा.

गावाबाहेरचं ते विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, पत्र्याची एक मोठी शेड आणि रेडिओची काचेची खोली. हौशी लोकांची अकरा खासगी विमानं तिथे असत आणि त्या अकराही विमानांची नट-बोल्टापासूनची देखभाल मेस्त्री एकहाती करायचा. अपघाताच्या आठच दिवस आधी त्याने याच विमानाच्या चाकांचं काम केलं होतं. पंप, तारा, दिवे, सगळं. आणि विमानातले दोघंही छातीठोकपणे सांगत होते, की चाकं उतरवणारा दांडा खाली केला होता, चाकं उतरल्याचे तीन हिरवे दिवे लागले होते, म्हणूनच आम्ही उतरलो. रेडिओच्या वहीतही नोंद होती: दुपारी तीन चौतीस, 'तीन हिरवे'.

ही त्या विमानतळाची खास पद्धत. उतरण्याआधी प्रत्येक वैमानिकाने दिवे बघायचे आणि रेडिओवर मोठ्याने 'तीन हिरवे' म्हणायचं. पद्धत मास्तरांनी पाडलेली. मास्तर म्हणजे तिथले उड्डाणाचे शिक्षक. चाळीस वर्षांत त्यांनी शेकड्यांनी माणसं उडवली होती. अपघातग्रस्त विमानात शेजारच्या जागेवर तेच बसलेले होते. मास्तरांनी दिवे बघितले म्हटल्यावर बाकीच्यांनी माना डोलवायच्या, एवढंच उरलं होतं.

तपास आला तो तपासनिसाकडे. हा त्रेचाळिशीतला, चष्मेवाला, कामात चोख माणूस. 'हा स्वतःच्या बापालाही सोडणार नाही' असं त्याच्याबद्दल ऑफिसात कौतुकाने म्हणत, आणि दर वेळी ते ऐकून त्याला कसंनुसं व्हायचं. साहेबांनी फाईल पुढे सरकवली.

"तू तिथेच शिकलास ना उडायला? चला, म्हणजे तुला रस्ता विचारावा लागणार नाही."

तेव्हाच त्याने नाही म्हणायला हवं होतं. कारणही सांगायला हवं होतं. पण तो नुसतं म्हणाला, "हो साहेब."

मेस्त्रीच्या नावावर दोष लागला तर पुढे काय, हे त्याला पाठ होतं. परवान्यावर एक दोष म्हणजे ताकीद. दुसरा दोष म्हणजे परवाना कायमचा रद्द. पुन्हा विमानाला हात लावायचा नाही. मेस्त्रीच्या नावावर एक दोष आधीच होता, बावीस वर्षांपूर्वीचा. त्याचा अहवाल फाईलच्या तळाशी पिवळा पडून बसला होता. विमान पोटावर उतरलं. चाकांचा पंप अडकला. देखभालीत हयगय. दोषी मेस्त्री.

साहेबांनी तो कागद उघडलाही नव्हता. उघडला असता तर शेवटच्या ओळीत त्या दिवशी विमान चालवणाऱ्या शिकाऊ मुलाचं नाव त्यांना दिसलं असतं. ते नाव तपासनिसाचं होतं.

२

मेस्त्री शेडच्या दारात स्टुलावर बसून हात पुसत होता. चौपन्न वर्षांचा, बारीक चणीचा, डोक्यावर पांढऱ्या केसांचा कुंचा. त्याने तपासनिसाला बघितलं आणि उठून उभा राहिला.

"या साहेब."

बावीस वर्षांपूर्वी तो 'ए पोरा, बूट पूस आणि मग चढ' म्हणायचा. हे 'साहेब' तपासनिसाला टोचलं.

"बसा हो मेस्त्री. काय झालं ते तुमच्या तोंडून सांगा."

"मी काय सांगणार? मी शेडमध्ये होतो. घासल्याचा आवाज आला म्हणून धावलो. तोवर दोघं बाहेर आले होते."

"मग?"

"मग काय! रेडिओच्या खोलीतून रेडिओताई आली, तिने आतले-बाहेरचे फोटो काढले. मास्तर म्हणाले, कुणी कशाला हात लावायचा नाही, तपास होईल. नाही लावला. तासाभराने क्रेन आली. पट्टे लावून उचललं, अधांतरी धरलं, मी आत चढून फक्त बॅटरी चालू केली. दांडा खालीच होता. तर घर्रर्र करून तिन्ही चाकं बाहेर! जशी काही वाटच बघत होती."

"आणि दिवे?"

"लागले की. पहिल्यांदा मला वाटलं, नाही लागले. मग हाताचा आडोसा करून बघितलं, तर तिन्ही हिरवे. चाकं कडीकुलपात." त्याने फडक्याची घडी केली. "आणि आता म्हणतात मी तारा उलट्यासुलट्या जोडल्या. साहेब, मी सव्वीस वर्षं इथे आहे. एकदा माझ्या नावावर खापर फुटलंय. तेव्हापासून मी प्रत्येक काम तीनदा बघतो. बायको म्हणते, घराचं कुलूपसुद्धा तीनदा ओढता तुम्ही."

तपासनिसाने मान खाली घालून 'तीनदा बघतो' एवढं टिपून घेतलं. खरं सांगायचं तर त्याच्या मनात त्या क्षणी एकच इच्छा होती, की मेस्त्रीची चूक निघावी. खरोखरीची, ढळढळीत चूक. म्हणजे बावीस वर्षांपूर्वीचंही थोडंसं खरं होतं असं स्वतःला सांगता आलं असतं. एवढा नीच विचार आपल्या डोक्यात येतो कसा, याची त्याला लाज वाटली, पण विचार गेला नाही.

"चाकांची चाचणी पुन्हा घेतलीत?"

"जॅकवर चढवून दहा वेळा आत-बाहेर केली. दहाच्या दहा वेळा नीट. तुम्हीच अकराव्यांदा करा, मी लांब उभा राहतो."

तपासनिसाने अकराव्यांदा केली. चाकं सुतासारखी सरळ खाली आली.

मग तीन चौतीसलाच ती का आली नाहीत?

३

विमानाचा मालक दातांचा डॉक्टर होता. त्याच्या दवाखान्यात खुर्ची एकच, ती पेशंटची; तपासनिसाला तिच्यावरच बसावं लागलं. डोक्यावर दिवा, समोर चिमटे. प्रश्न विचारायला आलेल्या माणसाची ही काही चांगली जागा नव्हे.

"मी डावीकडे, विमान मी चालवत होतो," डॉक्टर म्हणाला. "अजून शिकतोच आहे म्हणा. मास्तर उजवीकडे. पहाटे अंधारात निघालो, भावाला भेटलो आणि दुपारी परत आलो. ऊन इतकं, की गॉगल लावूनही डोळे चुरचुरत होते."

"दांडा कुणी खाली केला?"

"मी." मग जरा थांबून, "म्हणजे, केलाच असणार. मास्तरांनी बघितलं मला करताना."

"तुम्हाला आठवतंय, की मास्तरांनी सांगितलं म्हणून आठवतंय?"

डॉक्टरने उगाच एक चिमटा उचलून ट्रेमध्ये सरळ ठेवला. "साहेब, उतरताना शंभर गोष्टी असतात. पण दिवे बघितले. तीन हिरवे. लख्ख."

"लख्ख?"

"लख्ख."

"आणि टेकल्यावर?"

इथे डॉक्टरचा चेहरा खुलला. "त्या माणसाला मानलं! विमान घासत थांबलं, पेट्रोलचा वास, मला तर दरदरून घाम फुटला. मास्तर एकदम शांत. बॅटरी बंद केली. म्हणाले, 'आधी तुम्ही बाहेर पडा.' स्वतः जागचे हलले नाहीत. मला ढकलून बाहेर काढलं आणि मग आले. सत्तरीचा माणूस! दुसरा कुणी असता तर आधी स्वतःचा जीव घेऊन पळाला असता. हे लिहा तुमच्या अहवालात."

तपासनिसाने लिहून घेतलं. कुठलीतरी जुनी गोष्ट वर येऊ बघत होती आणि तो तिला दाबून धरत होता.

"रेडिओवर 'तीन हिरवे' तुम्ही म्हणालात?"

डॉक्टर चुळबुळला. "तेवढं... तेवढं तुम्ही रेडिओताईला विचारा."

४

रेडिओताई ही मास्तरांची भाची. लहान होती तेव्हा मामाचं बोट धरून विमानतळावर यायची. आता काचेच्या खोलीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवायची. तपासनिसाला ती अजून दादा म्हणे.

"दादा, फोटो फाईलला लावलेत. वहीची प्रतही लावलीय. आणखी काय?"

"आवाज कुणाचा होता?"

तिने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"जो चालवतो तो बोलतो, असा नियम आहे ना?" तपासनीस म्हणाला.

"नियम आहे."

"मग?"

"मामाचा होता." ती काचेबाहेर बघत राहिली. "डॉक्टर गडबडले होते, मामाने बोलून टाकलं. त्यात काय एवढं? मामा हजारो वेळा बोललाय ते."

"फक्त आवाजच ऐकलास?"

खाली शेडच्या दारात मेस्त्री दिसत होता. रिकामा बसवत नाही म्हणून तो दार झाडत होता.

"दादा, मेस्त्रीकाका माझ्या लग्नात तीन दिवस राबलेत," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "आणि मामाने मला वाढवलंय. मी कुणाचं काय सांगू?"

"कुणाचं काही सांगू नकोस. ऐकलंस ते सांग."

"मामा 'तीन हिरवे' म्हणाला तेव्हा मागे काहीतरी वाजत होतं. पीं पीं पीं. थांबतच नव्हतं. त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायची माझी हिंमत झाली नाही. चार रात्री झोप नाही मला."

तपासनिसाने पेन खाली ठेवलं. चाकं आत असताना इंजिनाचा जोर कमी केला की विमानात भोंगा वाजतो. भोंगा आणि हिरवे दिवे एकाच तारेवरची भावंडं; एक जागं असेल तर दुसरं झोपलेलं. भोंगा वाजत होता, म्हणजे दिवे लागलेलेच नव्हते.

आणि डॉक्टर म्हणत होता, लख्ख.

५

तरी तपासनीस एकदम कुणावर तुटून पडला नाही. दुरून, रेडिओवर ऐकलेलं पीं पीं म्हणजे पुरावा नव्हे. मास्तरांनी 'खरखर असेल' म्हटलं की संपलं. दुसऱ्या दिवशी बरोब्बर साडेतीनला त्याने मेस्त्रीला आणि ताईला साक्षीला घेतलं, जॅकवरचं विमान चाकांवर उतरवून शेडबाहेर उन्हात आणवलं आणि फोटो हातात धरून आत चढला. फोटोत जे बटण जसं होतं तसंच आताही होतं. चाकांचा दांडा खाली. त्याच्या शेजारी एक छोटं बटण, वर केलेलं.

त्याने बॅटरी चालू केली. चाकं खाली, कडीकुलपात. आणि दिवे?

एकही नाही.

त्याने डोळे चोळले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. तीन काळे ठिपके त्याच्याकडे बघत होते. बल्ब गेले, असं तो म्हणणार तेवढ्यात त्याला मेस्त्रीचं बोलणं आठवलं. त्याने ओंजळ करून दिव्यांवर धरली आणि आत डोळा लावला. ओंजळीच्या अंधारात तीन हिरवे ठिपके मिणमिणत होते.

"मेस्त्री! हे छोटं बटण कशाचं?"

"पॅनेलच्या उजेडाचं, अंधारात काटे दिसावेत म्हणून," खालून मेस्त्री म्हणाला. "ते चालू असलं की हिरवे दिवे आपोआप मंद होतात. नाहीतर अंधारात डोळे दिपतील ना. सकाळ झाली की ते बंद करायचं असतं."

पहाटे अंधारात निघालो, असं डॉक्टर म्हणाला होता. निघताना ते बटण वर गेलं आणि दिवसभर वरच राहिलं. म्हणजे तीन चौतीसला, डोळे चुरचुरणाऱ्या उन्हात, त्या विमानात हिरवे दिवे कुणालाही दिसणं शक्यच नव्हतं. चाकं खाली असती तरी नाही आणि वर असती तरी नाही. दोघांनीही न दिसलेली गोष्ट बघितल्याचं सांगितलं होतं.

तपासनिसाने तिथूनच डॉक्टरला फोन लावला. जे बघितलं ते सांगितलं. पलीकडे नुसता दवाखान्यातल्या पाण्याचा आवाज येत होता.

"मला दिसले नव्हते," शेवटी डॉक्टर म्हणाला. "काहीतरी वाजत होतं तेही मला कळलं नाही कसलं आहे. मास्तर 'तीन हिरवे' म्हणाले. म्हटलं त्यांना दिसतायत, मलाच दिसत नसतील. शिकाऊ माणूस मी, त्यांना कसं म्हणू की मास्तर, मला नाही दिसत? दांडा त्यांनी खाली केला असेल असं मी धरून चाललो. आणि त्यांनी धरलं की मी केला असेल. साहेब, मी रोज लोकांना सांगतो, अजिबात दुखणार नाही. पण हे खोटं फार दुखलं."

"पण मग दांडा खाली कसा सापडला?"

"ते मला खरंच माहीत नाही."

तपासनिसाने फोन ठेवला आणि उतरायला म्हणून वळला. तो डाव्या बाजूला बसला होता. तिकडे दार नव्हतं. या जातीच्या विमानाला दार एकच, उजवीकडचं. बाहेर पडायचं तर आधी उजवीकडच्याने उठायचं, मग डावीकडच्याने. दुसरी रीतच नाही. उजवीकडचा जागचा हलला नाही, तर डावीकडच्याला त्याच्या मांड्यांवरून ओलांडून जावं लागतं.

'आधी तुम्ही बाहेर पडा.' दाराशी बसलेल्या माणसाने, पेट्रोलचा वास येत असताना, दार न सोडता दुसऱ्याला आपल्या अंगावरून ढकलून बाहेर काढलं होतं. सगळं गाव ज्या धाडसाचं कौतुक करत होतं ते धाडस नव्हतंच. मास्तरांना आत एकटं राहायचं होतं. फक्त एक दांडा खाली ओढण्यापुरतं.

हे तर्काने शोधून काढलं असं तपासनिसाला म्हणता आलं असतं. पण ते खरं नव्हतं. उजवीकडच्या रिकाम्या सीटवर गुडघा टेकताच त्याच्या पायांनाच सगळं आठवलं होतं. बावीस वर्षांपूर्वी तो असाच मास्तरांच्या मांड्यांवरून ओलांडून बाहेर पडला होता. 'आधी तू बाहेर पड, बाळ.' आणि गवतात उभं राहून, मागे वळून, त्याने काचेतून मास्तरांचा हात खाली जाताना बघितला होता.

६

मास्तरांच्या घरी बाहेरच्या खोलीत भिंतभर फोटो होते. प्रत्येकात एक नवशिका आणि त्याच्या खांद्यावर मास्तरांचा हात. तपासनिसाचाही होता. मास्तरांनी त्याला त्याच्याच फोटोखालच्या खुर्चीवर बसवलं. मुद्दाम की सहज, देव जाणे.

त्याने सगळं मांडलं. बटण, मंद दिवे, भोंगा, एकच दार. मास्तरांनी उठून पंख्याचा वेग कमी केला आणि परत येऊन बसले.

"दांडा कुणी खाली केला हे तू मला विचारतोस?" ते म्हणाले. "तू?"

तपासनिसाचे कान तापले.

"त्या वेळी तुझ्यासाठी केला होता. एकवीस वर्षांचं पोर, पहिल्याच चुकीला घरी बसलं असतं. माझ्यावर उपकार कर असं मी तुला कधी म्हटलं नाही. पण बाबा रे, तू कुठल्या तोंडाने आलास?"

"त्याच तोंडाने, मास्तर. दुसरं नाही माझ्याकडे."

"मेस्त्रीला काय, हातात कला आहे, कुठेही पाना-पक्कड फिरवून पोट भरेल. मला या वयात दुसरं नाव कुठून मिळणार?" मास्तरांचा आवाज चिरकला. त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर दाबून धरले. "चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, बघ आणि मग बोल. आणि त्या दिवशी मी नुसतं बोललो. बघितलंच नाही रे. तोंड आपोआप बोलून गेलं. भोंगा वाजत होता आणि मी डॉक्टरांना माझीच जुनी गोष्ट सांगत होतो. हे मी सगळ्यांसमोर कसं सांगू?"

तपासनिसाला त्यांची दया आली आणि त्याच वेळी रागही आला. दोन्ही जास्त करून स्वतःबद्दलच होतं.

"मला लिहावं लागेल, मास्तर."

"लिही." म्हातारा ताठ झाला. "पण मग मीही बोलेन. बावीस वर्षांपूर्वीचं. तू विमान पोटावर घातलंस आणि चौकशीत मूग गिळून बसलास. तुझ्या साहेबांना आवडेल ऐकायला. आपण दोघंही गप्प बसलो तर एका माणसाचा परवाना जाईल. बोललो तर आपल्या दोघांचंही सगळं जाईल. हिशोब तूच कर."

"तुम्ही बोलायची गरज पडणार नाही," तपासनीस म्हणाला. "तेही मीच लिहिणार आहे. पहिल्या पानावर तुमचं, दुसऱ्यावर माझं."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर त्याच्या डोक्यावरच्या फोटोकडे गेली आणि तिथून खाली जमिनीवर आली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "जाताना दार ओढून घे."

७

पहिलं पान सोपं गेलं. त्यात त्याच्या शब्दाची गरजच नव्हती; फोटोतलं बटण, दोन साक्षीदारांसमोरची ओंजळ, ताईचा आणि डॉक्टरचा सहीनिशी जबाब. उद्या 'तपासनीसच बदमाश' म्हणून त्याला कुणी हाकललं असतं, तरी ते पान आपल्या पायांवर उभं राहिलं असतं. मेस्त्री निर्दोष.

दुसऱ्या पानाने घाम काढला. चार वेळा त्याने 'त्या वेळच्या परिस्थितीत' अशी सुरुवात केली आणि चार वेळा कागद फाडला. शेवटी सरळ लिहिलं. अपघात मंगळवारी झाला. विमान मी चालवत होतो. दांडा खाली करायला मी विसरलो. विमान थांबल्यावर मास्तरांनी तो खाली केला, हे मी डोळ्यांनी बघितलं. चौकशीत मला विचारलं तेव्हा मी 'पंप अडकला असेल' म्हणालो. मेस्त्रीचा दोष नव्हता, तो माझा होता. हे नातं लपवून मी हा तपास स्वीकारला, तीही माझीच चूक.

दोन्ही पानं घेऊन तो शेडमध्ये गेला. मेस्त्री एका विमानाच्या पोटाखाली उताणा पडला होता. बाहेर येऊन त्याने हात पुसले, चष्मा लावला आणि पहिलं पान उभ्या उभ्या वाचलं. वाचून खिशातला रुमाल काढला आणि बराच वेळ नाक पुसत राहिला.

"आणखी एक पान आहे," तपासनीस म्हणाला.

ते मेस्त्रीने स्टुलावर बसून वाचलं. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. तपासनीस समोर उभा होता. शाळेत बाकावर उभं केल्यावर वाटतं तसं त्याला वाटत होतं, फक्त आता तो त्रेचाळीस वर्षांचा होता.

"मेस्त्री, मी... तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं."

"मला माहीत होतं," मेस्त्री म्हणाला.

तपासनिसाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"त्या दिवशी मास्तर पांढरी पँट घालून आले होते. उतरले तेव्हा मांडीवर तुमच्या बुटाचा ठसा होता, चिखलाचा. मी रोज ओरडायचो तुमच्यावर, बूट पूस म्हणून. दाराशी बसलेल्या माणसाच्या मांडीवर बूट कसा उमटेल? मला तेव्हाच कळलं, की आत काहीतरी करायला म्हाताऱ्याने तुम्हाला आधी काढलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"चौकशीवाल्यांनी मला पंपाबद्दल विचारलं. पँटबद्दल कुणी विचारलंच नाही." मेस्त्रीने चष्मा काढला. "आणि तुम्ही कोपऱ्यात उभे होतात, थरथरत. म्हटलं पोरगं घाबरलंय. दोन-चार दिवसांत येईल आणि सांगेल. मग म्हटलं महिन्याभरात येईल. मग तुम्ही गावच सोडलंत."

बावीस वर्षं तपासनीस समजत होता, की एका माणसाला आपण फसवलं. तो माणूस फसलेलाच नव्हता. तो वाट बघत होता.

"माफ करा," तो कसाबसा म्हणाला. "माफ करा, मेस्त्री."

मेस्त्रीने पान पुन्हा हातात घेतलं, लांब धरलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे चुकलंय. अपघात मंगळवारी झाला असं लिहिलंयत."

"मंगळवारीच ना?"

"नाही. मंगळवारी मी पंप उघडून तपासला होता. ठणठणीत होता, मी सही केली होती. तुम्ही उडालात ते बुधवारी." त्याने खिशातलं पेन काढून पुढे केलं. "नीट करा. आता करताच आहात तर."

तपासनिसाने स्टुलाच्या कडेला कागद टेकवला, 'मंगळवार'वर काट मारली आणि वर 'बुधवार' लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. मेस्त्रीने खाली वाकून ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं आणि मग तिसऱ्यांदा वाचलं.